ऑनलाइन कोर्स एकट्यानं बघू नका: गट करून सामायिक वही कशी लिहायची

जानेवारी आणि जुलै जवळ आला की पुण्यातल्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डांवर आणि ऑफिसच्या ग्रुपवर एकच चर्चा असते: ‘स्वयम’वर कोणता कोर्स घेतलास? स्वयम म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, शिकवायला आयआयटीचे प्राध्यापक, आणि व्हिडिओ रात्री अकरा वाजताही बघता येतात. पहिला आठवडा उत्साहात जातो. पाचव्या आठवड्यापर्यंत निम्म्याहून अधिक लोक गळलेले असतात. हे आपल्याकडेच होतं असं नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या कोर्सेसचा एक अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेकडा तीनच्या आसपास लोकांनीच कोर्स पूर्ण केल्याचं दिसलं.

लोक आळशी आहेत म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटत राहतं, आणि खरंच समजलंय का हे विचारणारं समोर कुणी नसतं. पाच-सहा जणांनी मिळून एक वही लिहायला घेतली की विचारणारं माणूस मिळतं. शिवाय कोर्स संपल्यावर हातात सर्टिफिकेटच्या पलीकडे काहीतरी उरतं. ही वही कशी सुरू करायची आणि ती मध्येच बंद का पडते, हे पहिल्यांदाच असा कोर्स घेणाऱ्यांसाठी सांगतो.

खुल्या ऑनलाइन कोर्सची सुरुवातच मुळी अशी झाली होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स घेतला. फी भरलेले विद्यार्थी २५ होते, आणि तो सगळ्यांना खुला केल्यावर जगभरातून सुमारे २,२०० लोक आले. तिथे शिकणाऱ्यांकडून चार गोष्टींची अपेक्षा होती. मिळेल ते जमवा, त्याची आपल्या माहितीशी सांगड घाला, त्यातून स्वतःचं काही तयार करा आणि ते पुढच्याला द्या. २०११-१२ नंतर मोठमोठे प्लॅटफॉर्म आले आणि व्हिडिओ, प्रश्नमंजुषा, सर्टिफिकेट हा साचा रूढ झाला. स्वतःचं काही तयार करून पुढे देण्याचा भाग मागे पडला. तो आपण छोट्या गटात परत आणू शकतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आधी कोर्स, मग माणसं

पहिल्यांदा करत असाल तर बारा आठवड्यांच्या कोर्सच्या वाटेला जाऊ नका. एनपीटेलचे, म्हणजे स्वयमवर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात ते कोर्स चार, आठ आणि बारा आठवड्यांचे असतात. गटाला आठ आठवडे बरे पडतात. चार आठवड्यांत माणसं एकमेकांना ओळखू लागेपर्यंत कोर्स संपतो.

परीक्षेचं गणित सुरुवातीलाच समजून घ्या. परीक्षा ऐच्छिक असते, ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते, फी हजार रुपये. शंभरपैकी २५ गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. आठ आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या सहा असाइनमेंट धरतात, बाराच्या कोर्सला आठ. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० गुण हवेत, दोन्हीकडे वेगवेगळे. गटात काही जण परीक्षा देणार असतील आणि काही नुसतं शिकायला आले असतील, तर हे पहिल्याच भेटीत उघड बोलून घ्या. परीक्षावाल्यांना घाई असते, बाकीच्यांना एखाद्या मुद्द्यावर रेंगाळायचं असतं. हे बोललं गेलं नाही की तिसऱ्या आठवड्यात कुरबुर सुरू होते आणि तिचं कारण कुणालाच नीट सांगता येत नाही.

गट पाच ते सात जणांचा ठेवा. चारच जण असतील तर दोघं आजारी पडले की काम थांबतं. दहा झाले की निम्मे फक्त वाचत बसतात. तुमच्या कॉलेजात एनपीटेलचं लोकल चॅप्टर, म्हणजे स्थानिक केंद्र असेल तर त्याचे समन्वयक प्राध्यापक एकाच कोर्सला नाव घातलेली मुलं गाठून देतात. नोकरी करणाऱ्यांनी ऑफिसात किंवा सोसायटीत विचारावं. सगळे एकाच शाखेचे नसतील तर उत्तम. संख्याशास्त्राच्या कोर्सला एखादी नर्स किंवा बँकेतून निवृत्त झालेले काका असतील, तर उदाहरणं आपोआप खरी येतात.

सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांकडून ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी बसणं घ्यावं. तयार नोट्सची झेरॉक्स मात्र तिथेच ठेवून यावं. या कामात तयार नोट्स मिळाल्या की काम संपतंच.

पहिली भेट समोरासमोर करा, पुढच्या ऑनलाइन चालतील. अभ्यासिकेत किंवा ग्रंथालयात बोलता येत नाही, त्यामुळे ती नको. वनाजकडून येणारा आणि पिंपरीकडून येणारा दोघंही मेट्रोनं डिस्ट्रिक्ट कोर्ट (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरू शकतात. रविवारी सकाळी जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातही निवांत तासभर बसता येतं. या भेटीत अभ्यास करू नका. कोण कुठून आलंय, कुणाला कधी वेळ असतो आणि कुणाला कशाची भीती वाटते, एवढं कळलं तरी पुरे. गणिताची भीती वाटते हे एकानं सांगितलं की आणखी दोघं-तिघं मोकळे होतात.

व्हॉट्सॲप आणि वही वेगळी

सगळे गट व्हॉट्सॲपवर सुरू होतात आणि बहुतेक तिथेच विरून जातात. मंगळवारी कुणीतरी सुंदर समजावून सांगितलेलं गुरुवारी दोनशे मेसेजखाली गेलेलं असतं, आणि तोच प्रश्न शनिवारी पुन्हा येतो. म्हणून व्हॉट्सॲपवर फक्त वेळ, लिंक आणि ‘आज मला जमणार नाही’. विषयाचं काहीही असेल तर ते वहीत. कुणी ग्रुपवर चांगलं उत्तर दिलंच, तर शेजारच्यानं ते उचलून वहीत नेऊन टाकायचं आणि ग्रुपवर ‘वहीत टाकलंय’ एवढं लिहायचं. दोन-तीन आठवड्यांत सवय लागते.

वही म्हणजे सगळ्यांना लिहिता येईल असं एक गूगल डॉक. मोबाइलवरही उघडतं, मराठीत बोलून टाइप करता येतं, कागदावर काढलेल्या आकृतीचा फोटो चिकटवता येतो. कुणी चुकून पान पुसलं तर आवृत्तींच्या इतिहासातून ते परत आणता येतं. नवख्यांना हे आवर्जून दाखवा. आपल्या हातून काही बिघडेल या धास्तीनं लोक लिहीत नाहीत. बिघडलेलं परत येतं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की हात मोकळा होतो. दुसऱ्याच्या ओळीत बदल करायचा असेल तर ‘सजेस्टिंग’ चालू करून करायचा, म्हणजे मूळ ओळ दिसत राहते.

एक पान कसं दिसावं

दर आठवड्याला एक पान. वर आठवड्याचा विषय आणि त्या आठवड्याचं पहिलं लेखन कोण करणार त्याचं नाव, पाळीपाळीनं. त्याखाली मुद्दा स्वतःच्या शब्दांत, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे कोणत्या व्हिडिओत कितव्या मिनिटाला तो आलाय ते. हा मिनिटांचा आकडा लिहायचा कंटाळा येतो, पण तो असला की वाद दोन मिनिटांत मिटतात. सर नेमकं काय म्हणाले ते लगेच ऐकता येतं.

मग ‘न कळलेलं’ हा भाग. तो रिकामा असेल तर ते पान पूर्ण झालं असं मानू नका. आणि ज्याला विषय सगळ्यात कमी येतो त्यालाच या भागाचा मालक करा. जाणकार माणूस ज्या पायऱ्या न बोलता ओलांडून जातो, त्या नवख्यालाच दिसतात. गटातली सगळ्यात मोलाची जागा त्याची आहे, आणि त्याला ती तशी वाटली पाहिजे.

उदाहरण आपलं हवं. व्हिडिओतलं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं तर समजलंय की पाठ झालंय ते कळत नाही. पीएमपीची बस, वाड्यातलं वीजबिल, मार्केट यार्डातला कांद्याचा भाव, जे हाताशी असेल ते घ्या.

शब्दांचं म्हणाल तर एका कडेला छोटी यादी ठेवा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांना मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द ओळखीचे असतात, त्यांच्यापुढे कोर्समधला इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की पुरतं. पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. पण मराठी शब्द सापडेना म्हणून लिहिणं थांबवू नका. ‘व्हेरिअन्स काढला’ असं लिहिलेलं चालतं.

मतभेद पुसायचे नाहीत

वहीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि तिच्यासाठी पुण्यातच एक थोर उदाहरण आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या जमवल्या. एकेक ओळ घेऊन कोणत्या पोथीत तिथे काय आहे ते ताडून पाहिलं. संपादकांनी वर एक संहिता ठरवली आणि बाकीचे पाठभेद खाली, कोणता कुठल्या पोथीतला हे सांगून, छापले. त्यामुळे संपादकांचा निर्णय पटला नाही तरी वाचकाला स्वतः तपासता येतं.

आपल्या वहीतही असंच करायचं. दोघांचं उत्तर जुळत नसेल तर एकाचं खोडू नका. दोन्ही एकाखाली एक लिहा, पुढे नाव, आणि कसं काढलं तेही. मिटलं की वर ठरलेलं लिहा, खाली जुने पाठभेद राहू द्या. पुढच्या वर्षी ही वही वाचणारा त्याच जागी अडखळणार आहे.

एक पान जवळून दाखवतो. संख्याशास्त्राचा आठवडा, विषय प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यापासून किती पसरलेत त्याचं माप. एकीनं स्वारगेटला बसची वाट पाहिल्याची मिनिटं उदाहरणाला घेतली: ४, ७, ९, १२, १८. बेरीज ५०, मध्य १०. मध्यापासूनचे फरक उणे ६, उणे ३, उणे १, अधिक २, अधिक ८. त्यांचे वर्ग ३६, ९, १, ४, ६४, बेरीज ११४. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मग काकांनी ११४ ला पाचानं भागलं आणि २२.८ लिहिलं. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीनं चारानं भागलं, २८.५. वर्गमूळ घेतल्यावर एकाकडे साधारण ४.७७ आणि दुसरीकडे ५.३४.

ग्रुपवर हा प्रश्न आला असता तर कुणीतरी ‘एक वजा करायचा असतो, फॉर्म्युला आहे’ असं लिहून मोकळं झालं असतं. वहीत दोन्ही उत्तरं शेजारी उभी राहिली आणि खाली ‘न कळलेलं’मध्ये प्रश्न आला: आकडे पाच आहेत, मग चारानं का? त्यावर एकानं लिहिलं की पाचही फरकांची बेरीज करून बघा, ती शून्यच येते. म्हणजे चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो, मोकळे फरक चारच. आणखी एकानं पुढे जोडलं की मध्य आपण याच पाच आकड्यांवरून काढलाय, म्हणून हे आकडे त्याच्या जरा जास्तच जवळ बसतात. स्वारगेटच्या सगळ्या बसचा खरा मध्य वेगळा असेल, आणि त्याच्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ११४ पेक्षा कमी कधीच येणार नाही. पाचानं भागलं तर पसरण साधारणपणे कमी दाखवली जाते, म्हणून चार. मग काकांनी विचारलं, ‘मला या पाच दिवसांचाच हिशेब हवा असेल, बाकीच्या बसशी देणंघेणं नसेल, तर?’ तर पाचानंच भागायचं. म्हणजे काकांचं उत्तर चूक नव्हतं, प्रश्न वेगळा होता. शेवटी वर एक ओळ आली: मोजले तेवढेच आकडे हा आपला विषय असेल तर त्यांच्या संख्येनं भागा, थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलायचं असेल तर एक कमी करून भागा. ही ओळ त्या व्हिडिओतून एकट्यानं काढणारे थोडे असतात. इथे ती पाच जणांनी मिळून काढली, आणि पुढे ती कुणीच विसरत नाही.

असं घडायचं तर वयाचा अडसर दूर करावा लागतो. विशीतली मुलगी ‘काका, हे चुकलंय’ असं लिहायला कचरते, आणि ते आपल्या रीतीला धरूनच आहे. त्यावर उपाय वाक्याचा आहे. ‘काका, मला इथे २८.५ येतंय, तुम्ही कशानं भागलंत?’ असं विचारलं की मानही राहतो आणि मुद्दाही पुढे जातो. मोठ्यांनीही ‘अगं, मला नाही कळलं, परत सांग’ असं एकदा तरी वहीत लिहावं.

असाइनमेंटची उत्तरं

मुदत संपेपर्यंत असाइनमेंटचे प्रश्न आणि उत्तरं वहीत आणायची नाहीत. यात तडजोड नको. कोर्सच्या नियमांत ते बसत नाही, आणि एकदा उत्तरं फिरायला लागली की बाकीची वही कुणी उघडत नाही. पद्धत विचारावी, तसंच दुसरं उदाहरण करून मागावं. मुदत उलटली की मात्र चुकलेले प्रश्न जरूर वहीत घ्या. का चुकलं हे लिहिताना जेवढं शिकून होतं तेवढं दुसऱ्या कशानं होत नाही.

चॅटबॉटनं लिहिलेलं

आता कुणीही व्हिडिओचा मजकूर चॅटबॉटला देऊन पाच मिनिटांत सुबक सारांश आणून चिकटवू शकतो. पान भरल्यासारखं दिसतं आणि गटातलं बोलणं थांबतं. सरसकट बंदी घालून उपयोग नाही, लोक लपून वापरतात. त्यापेक्षा नियम असा ठेवा की जे चिकटवलं त्यापुढे तसं लिहायचं, आणि चिकटवणाऱ्यानं त्यातला प्रत्येक दावा व्हिडिओतल्या मिनिटाशी ताडून, एक उदाहरण हातानं सोडवून दाखवायचं. एवढं करायचं म्हटल्यावर माणूस स्वतःच लिहायला घेतो.

गळती लागते तेव्हा

चौथ्या-पाचव्या आठवड्यात हमखास कुणीतरी मागे पडतं. कॉलेजच्या परीक्षा येतात, गणपती येतात, घरी लग्न निघतं. मागे पडलेला माणूस लाजेनं गप्प होतो आणि मग येतच नाही. त्याला फोन करा, मेसेज नको. आणि आधीचे सगळे व्हिडिओ बघून ये असं सांगू नका. वहीतली मागची पानं वाच आणि ‘न कळलेलं’मध्ये एक प्रश्न टाक, एवढंच काम द्या. वही त्याला चालू आठवड्यापर्यंत आणून सोडते.

दर आठवड्याची भेट पाऊण तासाची पुरे. नवीन काही शिकवायचं नाही, न मिटलेले पाठभेद तेवढे घ्यायचे.

वही बाहेर द्यायची तर

कोर्स संपला की आठवडाभरात वही साफ करून घ्या, नंतर होत नाही. आधी तिची एक प्रत काढा. प्रतीतून फोन नंबर, पूर्ण नावं आणि खासगी शेरे काढून टाका. प्रत्येकाला विचारा, कुणाला आपलं लेखन बाहेर जायला नको असेल तर ते वगळा. प्राध्यापकांच्या स्लाइड आणि आकृत्या चिकटवल्या असतील तर त्या कोर्सचा परवाना तपासा. शंका असेल तर आकृती स्वतः काढा. असाइनमेंटचे प्रश्नही या प्रतीत नकोत, ते पुढच्या वेळी पुन्हा येऊ शकतात. वर परवान्याची एक ओळ लिहा. श्रेय द्या आणि तुम्हीही याच अटीवर पुढे द्या, अशा अर्थाचा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना या कामाला चांगला जुळतो.

त्याच परवान्यावर मराठी विकिपीडियाही चालतो. तो १ मे २००३ पासून आहे, आणि विज्ञान-गणिताच्या कितीतरी विषयांवर तिथे अजून दोन-चार ओळीच सापडतात. वहीतलं एखादं पान पक्कं झालं असेल तर खातं उघडून आधी तिथल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर लिहून बघा. तिथे नावानिशी मतं चालत नाहीत, प्रत्येक विधानाला छापील किंवा विश्वासार्ह आधार लागतो, आणि व्हिडिओतला मजकूर उचलून टाकता येत नाही. म्हणून स्वारगेटची बस वहीतच राहील, पण चार आणि पाचाचा फरक एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या आधारानं तिथे नक्की लिहिता येईल.

साफ केलेली प्रत कॉलेजच्या लोकल चॅप्टरच्या समन्वयकांकडे द्या. पुढच्या सत्रात तोच कोर्स घेणाऱ्या गटाला ती पहिल्या दिवशी देऊ नका, नाहीतर ती तयार नोट्स होऊन बसते. त्यांनी आपलं पहिलं पान स्वतः लिहिलं की मग द्या, आणि तुमच्या पाठभेदांखाली त्यांचे पाठभेद लिहायला सांगा.